बंदूक खांद्यात अडकते, गालाला लागते, बार भलतीकडे जातो: दस्त्याची लांबी तपासताना

भातशेती किंवा काजूची बाग राखायला कोकणात जी बारा बोअरची एकनळी-दुनळी असते, ती बऱ्याच घरांत वारसाने आलेली असते. परवाना नव्या नावावर होतो, दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारं मागचं लाकूड, मात्र आजोबांच्याच मापाचा राहतो. मग 'दस्ता मोठा आहे, दोन बोटं कापून द्या' अशी तक्रार येते. कापायची घाई करू नका. या तक्रारींमागे बरेचदा लांबी नसतेच, भलतंच काहीतरी असतं, आणि ते बिनपैशात कळतं.

दस्त्याची लांबी म्हणजे चापाच्या मध्यापासून बुडाच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर. दोन चापांची दुनळी असेल तर पुढच्या चापापासून मोजायचं, कारण मागचा चाप साधारण इंचभर मागे असतो आणि तिथून मोजलं तर दस्ता उगाच आखूड वाटतो. खालची मापं इंच आणि सुतात दिली आहेत. ८ सुतांचा १ इंच, म्हणजे सुतार वापरतो तेच सूत.

लक्षणं

दस्ता लांब असला की बंदूक वर घेताना बूड काखेत किंवा शर्टात अडकतं. घाईत ते खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतं आणि काळंनिळं होतं तेही दंडावरच. डोकं कडेवर, म्हणजे दस्त्याच्या गाल टेकतो त्या वरच्या काठावर, मागच्या बाजूला टेकतं. बहुतेक दस्ते मागे उतरते असतात, त्यामुळे डोळा खाली जातो आणि बार खाली लागतो. पुढच्या हाताचा कोपर जवळजवळ सरळ होतो, नळी जड वाटते.

आखूड असला की उलट घडतं. मुठीवरचा अंगठा नाकावर किंवा ओठावर आपटतो. डोकं पुढे, कडेच्या उंच भागावर येतं, डोळा वर राहतो आणि बार वर जातो. चापाच्या कडीची मागची बाजू मधल्या बोटावर आदळून बोट सुजतं. रायफलीवर दुर्बीण असेल तर तिची कड भुवईला लागते.

दोन लक्षणं लांबीची वाटतात, पण लांबीची नसतात. बुडाचं खालचं टोक छातीत रुततं, तेव्हा दोष बुडाच्या कोनाचा असतो. अंगठा नाकापासून चांगला दूर आहे, तरी गालाचं हाड ठणकतं, तेव्हा गाल टेकतो ती कड फार उंच, फार खाली किंवा चुकीच्या बाजूला वळलेली असते. या दोन्हींत करवत चालवली तर मूळ दोष तसाच राहतो आणि आखूडपणाचा दुसरा त्रास सुरू होतो.

सुरुवातीआधी

बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहा. मोडून उघडणारी असेल तर उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघा. बोल्टची रायफल असेल तर मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, काडतूस बसतं त्या घरात करंगळी घालून चाचपा. ठासणीच्या बंदुकीत नुसतं बघून काही कळत नाही. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी नखाने खूण धरा, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावा. गजाचं टोक कानाच्या, म्हणजे टोपी बसते त्या जागेच्या, जवळ पोचलं पाहिजे. तीन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत भरणा आहे. तो घरी उपसायचा प्रयत्न करू नका, बंदूक तशीच बाजूला ठेवून जाणकार दुरुस्तीवाल्याला बोलवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवा. नळी चिऱ्याच्या भिंतीकडे धरू नका, मातीच्या बांधाकडे धरा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरावरसुद्धा बार काढायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. इथली सगळी चाचणी रिकाम्या बंदुकीवर किंवा मान्यताप्राप्त रेंजवर करायची आहे.

१. आधी माणूस तपासा

खर्च शून्य. मातीच्या बांधाच्या दिशेला डोळ्याच्या उंचीला एक खूण ठरवा. त्याच्यासमोर उभे राहा, डावा पाय थोडा पुढे, बंदूक कमरेपाशी. डोळे मिटा. बंदूक आधी गालाला आणि मग खांद्याला अशी वर आणा. डोकं खाली वाकवून बंदुकीकडे न्यायचं नाही, बंदूक डोक्याकडे आली पाहिजे. आता डोळे उघडा. असं दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी बूड कुठे बसलं ते नळीच्या वाटेत न येता बाजूला उभ्या असलेल्या माणसाला खडूने तुमच्या शर्टावर टिपायला सांगा.

दहाही खुणा इकडेतिकडे पडल्या, तर लांबीचा विचार सोडा. सवय नाही, एवढंच. रोज रिकाम्या बंदुकीने पंधरा-वीस वेळा हे करत राहा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. सात-आठ खुणा एकाच चुकीच्या जागी पडल्या तर मात्र बंदूक आणि शरीर जुळत नाही.

बूड योग्य जागी बसलेलं असताना नाकाचं टोक आणि अंगठ्याचा सांधा यांत दोन बोटांचं, म्हणजे १ ते १ इंच ४ सूत अंतर हवं. खरी कसोटी हीच, उंचीचा तक्ता नव्हे. मान लांब असेल, खांदे उतरते असतील, छाती भरदार असेल, तर एकाच उंचीच्या दोन माणसांना वेगळे दस्ते लागतात. बूड कोपराच्या खोबणीत ठेवून बोट चापाला पोचतं का पाहायची जुनी पद्धत आहे. तिच्यात फक्त पुढचा हात मोजला जातो, मान आणि छाती नाही. दुकानात पटकन अंदाज घ्यायला ठीक, पण तिच्या भरवशावर लाकूड कापू नये.

डावखुऱ्यांनी आणखी एक पाहावं. बंदूक नेहमीसारखी सुलटी धरून बुडाकडून नळीकडे नजर टाका. दस्ता उजवीकडे वळवलेला दिसला तर तो उजव्या हातासाठी आहे, आणि डाव्या खांद्यावर तो दर बाराला गालावर येणारच. तो वळण सुधारण्याचा भाग आहे, कापण्याचा नव्हे.

२. कपडे

आपल्याकडे हा मुद्दा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. वैशाखात पातळ शर्ट किंवा नुसती बनियन असते. पावसात तोच माणूस स्वेटर आणि वर रबराचा रेनकोट घालून माळ्यावर बसतो. त्या दोन थरांनी सहज २ ते ३ सूत भर पडते, शिवाय रेनकोटवर रबराचं बूड चिकटतं आणि अडकतं. मे महिन्यात बरोबर असलेली बंदूक श्रावणात 'लांब' होते ती यामुळेच. भात पोटरीत असताना, पावसाळी कपड्यांतच राखण करायची असेल तर माप त्याच कपड्यांत घ्या. दोन्ही ऋतूंत वापरायची असेल तर दस्ता पावसाच्या मापाचा ठेवा आणि उन्हाळ्यात काढता-घालता येणारी रबरी टोपी चढवा. एका मापात दोन्ही ऋतू साधायचा हट्ट धरला की दोन्हीकडे अडचण होते.

बसूनही बंदूक लावून पाहा. माळ्यावर माणूस पुढे झुकतो, तोंड पुढे येतं, आणि उभ्याने बरोबर बसणारी बंदूक आखूड लागते. दुर्बिणीने भुवई फुटते ती बहुधा असंच बसून, वर किंवा खाली नेम धरताना.

३. टेप लावा

बंदूक टेबलावर आडवी ठेवा, खाली गोणपाट. तीन मापं घ्या, तिन्ही चापाच्या मध्यापासून: बुडाच्या मध्यापर्यंत, बुडाच्या वरच्या टोकापर्यंत आणि खालच्या टोकापर्यंत. कागदावर लिहून ठेवा.

बारा बोअरच्या तयार बंदुका मध्यावर बहुधा १४ ते १४ इंच ४ सूत येतात, रायफली १३ इंच ४ सूत ते १३ इंच ६ सूत. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला पातळ कपड्यांत बंदूक १४ इंचाला बसते, पावसाळी कपड्यांत १३ इंच ६ सुताला. बायकांना आणि लहान चणीच्या माणसांना १३ ते १३ इंच ४ सूत लागू शकतं. ही फक्त सुरुवातीची मापं आहेत. तुमची बंदूक यांच्या दोन सूत आत-बाहेर असेल आणि पहिल्या चाचणीत नाक-अंगठ्याचं अंतर ठीक आलं असेल, तर दस्त्याला हात लावू नका.

वरच्या टोकाचं माप मध्यापेक्षा सूतभर आणि खालच्या टोकाचं तीन-चार सूत जास्त असणं नेहमीचं आहे. खालचं टोक त्याहून लांब गेलेलं असेल तर ते छातीत रुतणारच. यावर सोपा उपाय आहे. बुडावरच्या रबरी पॅडचा वरचा स्क्रू सैल करून त्याच्यामागे अर्ध्या सुताची पातळ चकती घाला. बूड वरून किंचित मागे येतं आणि खालचं टोक मोकळं होतं. हा दोष एवढ्याशा चकतीने जातो, आणि लोक त्यासाठी दस्ता कापून घेतात.

४. स्क्रू, रबर आणि लाकूड

बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर सुटतात, म्हणून इथे घाई करू नका.

रबर पॅड नखाने दाबा. चांगलं रबर दबून परत येतं. दगडासारखं कडक झालं असेल किंवा बोटाला काळा चिकट थर लागत असेल तर ते गेलं. खाऱ्या दमट हवेत ते तसंही लवकर मरतं, त्यात नळीला लावलेलं तेल खाली ओघळून पॅडवर उतरतं आणि त्याला खराब करतं. बंदूक भिंतीला बुडावर उभी ठेवण्याची सवय याला कारण आहे. मेलेल्या रबरातून धक्का थेट हाडात जातो आणि माणूस म्हणतो दस्ता आखूड आहे.

उलट तक्रारही तितकीच येते: 'पॅड बदलला आणि बंदूक लांब झाली.' जुनी बुडाची पट्टी १ सूत जाड होती, नवा पॅड ६ सुताचा बसवला, म्हणजे लांबी ५ सूत वाढली. पॅड ४, ६ आणि ८ सुतांच्या जाडीत मिळतात. बदलताना जुना आणि नवा दोन्ही टेपने मोजा. लांबीच कमी करायची असेल तर जाड पॅडच्या जागी पातळ बसवणं हा कापण्याआधीचा उपाय आहे.

मग पॅड काढून दस्त्याचं बूड बघा. लाकडाच्या रेषा तिथे उघड्या तुटलेल्या असतात आणि पाणी तिथूनच शिरतं. आषाढात ते फुगतं, स्क्रूंची भोकं ढिली होतात, पॅड वर-खाली हलतो, आणि प्रत्येक वेळी बूड वेगळं बसल्यासारखं वाटतं. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल दोन थेंब, एक रात्र, आणि मग खाचेत पूर्ण बसणारा स्क्रूड्रायव्हर. बारीक टोकाने खाच झिजली की पुढे स्क्रू ड्रिल करावा लागतो. भोक ढिलं झालं असेल तर त्यात पक्क्या लाकडाची किंवा बांबूची काडी इपॉक्सीने बसवा, एक दिवस सुकू द्या, आणि बारीक भोक पाडून स्क्रूला मेण लावून पिळा. खोबरेल तेल लाकडाला लावू नका. ते सुकत नाही, धूळ धरतं आणि खवट होतं. उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने तीनदा, प्रत्येक वेळी पूर्ण सुकू देऊन लावा. चिंध्या घडी करून ठेवू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उन्हात मोकळ्या वाळवा.

शेवटी मूठ, म्हणजे दस्त्याचा हाताने धरायचा बारीक भाग. एका हाताने नळी आणि दुसऱ्याने दस्ता धरून हलकेच पिळा. कुरकुर आली, किंवा लोखंडी भागाच्या मागे लाकडात केसासारखी रेष दिसली, तर इथेच थांबा. ती चीर धक्क्याने वाढते आणि दस्ता मुठीत मोडतो. अशा बंदुकीतून एकही बार काढायचा नाही.

काही बंदुकांत दस्ता आतून एका लांब बोल्टने धरलेला असतो. पॅड काढला की त्याचं भोक दिसतं. तो सैल झाला असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा आवळता येतो. पण ली-एनफील्ड घराण्यातल्या जुन्या रायफलींना हात लावू नका. त्यांच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, आणि पुढचं लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की ते उभं फाटतं. त्या रायफलींचे दस्ते मुळात वेगवेगळ्या लांबीचे, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने निघत. दस्त्यावर 'एस' म्हणजे आखूड, 'एल' म्हणजे लांब, आणि 'बी' म्हणजे त्याहूनही आखूड. म्हणून आधी ते अक्षर शोधा. कापण्याऐवजी योग्य अक्षराचा दस्ता मिळाला तर उत्तमच.

५. काडतूस

खांदा दुखतो म्हणून दस्त्याला दोष देण्याआधी डबी वाचा. २८ ग्रॅम छर्ऱ्याचं काडतूस आणि ३६ ग्रॅमचं, यांच्या धक्क्यात फार फरक असतो. हलकं घेऊन दुखणं थांबलं तर दस्ता निर्दोष आहे.

याहून गंभीर गोष्ट काडतुसाच्या घराच्या लांबीची. बऱ्याच जुन्या दुनळींचं घर २½ इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं, आणि बाजारात ७० मिलिमीटरचं काडतूस मिळतं. न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडताना तोंड उघडून नळीच्या अरुंद भागात शिरतं, दाब वाढतो, धक्का वाढतो आणि नळीवर ताण येतो. नळी उघडल्यावर खालच्या सपाट बाजूवर ठोकलेले आकडे बघा. वाचता येत नसतील तर दुरुस्तीवाल्याकडून घर मोजून घ्या. तोवर वापर बंद.

६. तात्पुरती भर

आखूड वाटत असेल तर पुठ्ठ्याचे बुडाच्या आकाराचे तुकडे कापा, प्रत्येक साधारण १ सुताचा. एक एक करून बुडावर इलेक्ट्रिक टेपने पक्के बांधा आणि दर वेळी पहिली चाचणी पुन्हा करा. नाक आणि अंगठ्यात दोन बोटं आली आणि तरी बूड काखेत अडकत नाही, तिथे थांबा. अडकायला लागलं की एक तुकडा काढा. ही रचना रिकाम्या बंदुकीवरच वापरायची, बार काढण्यासाठी नव्हे.

लांब वाटत असेल तर पॅड पूर्ण काढून नुसत्या लाकडावर रिकामी बंदूक लावून पाहा. मिळणारा फरक पॅडच्या जाडीएवढा असतो. तेवढ्याने बसली तर पातळ पट्टी लावून काम संपलं.

दुर्बिणीने भुवई लागत असेल तर दुर्बीण पुढे सरकवणं दस्ता वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. डोळा आणि काचेत ३ ते ३½ इंच अंतर राहिलं पाहिजे. सरकवल्यावर नेम नव्याने साधावा लागेल.

७. फळ्यावर खात्री

रायफल क्लबच्या मान्यताप्राप्त रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखाली. चार फूट चौरस कागद, मध्ये ठिपका, अंतर १६ यार्ड, म्हणजे सुमारे साडेचौदा मीटर. नळीच्या टोकावरची नेमाची माशी न शोधता, नजर ठिपक्यावर ठेवून दहा बार एकाच कागदावर काढा आणि घोळक्याचा मध्य शोधा. या अंतरावर मध्य १ इंच वर गेला तर गाल टेकतो ती कड अर्धा सूत उंच आहे असं धरतात, खाली गेला तर तेवढीच खाली. लांबी बदलली की गाल पुढे-मागे सरकतो आणि हा मध्यही हलतो, म्हणून आधी लांबी, मग कड. उलट्या क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं.

८. कायमची भर

लाकूड आणि पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर मिळतात, १ ते २ सुतांचे. स्क्रू तेवढेच लांब घ्या. स्क्रू लाकडात किमान इंचभर गेला पाहिजे. एकूण ६ सुतांहून जास्त भर घालायची असेल तर स्पेसरची रास लावू नका, लाकडी जोड लागतो आणि तो दुरुस्तीवाल्याचा. जोडाला सागवान वापरत असतील तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसायला सांगा. सागाच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही आणि पहिल्या पावसातच जोड सुटतो.

९. कापणं: हे घरी नाही, गावच्या सुताराकडेही नाही

सुतार कितीही चांगला असला तरी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्याला परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात बंदूक ठेवणं हा मालकाचाही गुन्हा होऊ शकतो. दस्ता आखूड करणं आणि नळी आखूड करणं एक नव्हे. परवान्याशिवाय नळी कापायला कलम ६ ची मनाई आहे. 'सोबत नळीही थोडी कमी करून द्या' असं बोलण्यातही आणू नका.

कापणंच ठरलं तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याला तुमच्या कागदावरची तिन्ही मापं द्या आणि पावसाळी कपडे घालूनच जा. एका वेळी २ सुतांहून जास्त कापू देऊ नका. बसवून पाहिल्याशिवाय पुढचा काप नाही. आतल्या बोल्टच्या डोक्याला पुरेशी खोली राहते का, खालच्या पट्ट्याची कडी बुडाच्या फार जवळ येते का, हे आधी तपासून घ्यायला सांगा. काही सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांत स्प्रिंगची नळी दस्त्यातून जाते. तिथे कापायला जागाच नसते.

काप घेतल्यावर तोल बदलतो. मागचं वजन कमी होऊन नळी जड लागते. बंद दुनळी बिजागरीच्या पिनेखाली एका बोटावर तोलून पाहा. ती तिथेच किंवा बोटभर पुढे तोलली तर ठीक. फारच पुढे झुकत असेल तर दस्त्याच्या आतल्या भोकात वजन बसवून घ्यावं लागतं, आणि तेही त्याच माणसाचं काम.

नळीला फुगवटा किंवा खळगा दिसला, बंद केल्यावर नळ्या आणि मागच्या भागात फट राहिली, चाप न ओढता घोडा पडला, यांपैकी काहीही आढळलं तर लांबीचं काम बाजूला ठेवा. त्या बंदुकीचा वापर थांबवा आणि फक्त दुरुस्तीवाल्याकडे न्या.

काम झाल्यावर पॅड बसवण्याआधी उघड्या लाकडाला जवसाचं तेल पाजून घ्या, आणि पॅडच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि तिन्ही मापं लिहा. निवडणुकीच्या आधी बऱ्याचदा बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. परत आणल्यावर पॅडचे स्क्रू चाचपा, टेप लावा आणि लिहिलेल्या मापाशी ताडून घ्या.